तांबड्याची करडं

१

मुरारीकाकांनी टेबलावरच्या फायली बाजूला सारल्या आणि युरियाचं रिकामं पोतं उलगडलं. आत मेलेलं करडू होतं, जेमतेम आठवड्याचं. त्यांनी बोटाने त्याचा ओठ उचलून दाखवला. खालचा जबडा वरच्यापेक्षा कितीतरी आखूड होता, पोपटाच्या चोचीसारखा. अशा तोंडात आचळ धरता येत नाही. करडू आईच्या कासेला ढुशा देत राहतं आणि उपाशी मरतं.

"करंजकोंडातलं तिसरं," ते म्हणाले. "सगळी तांबड्याची."

तांबडा हा अण्णांचा बोकड. अण्णा म्हणजे माझे वडील, पशुवैद्यकीय खात्यातून निवृत्त झालेले. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांमध्ये शेळ्या सुधारण्याचा प्रकल्प त्यांनी उभा केला आणि त्यात आपलं म्हातारपण घातलं. त्यांची रीत साधी होती. बाहेरून मोठ्या जातीचे बोकड आणायचे नाहीत. ज्या बोकडाची करडं कातळावर चढतात, पावसात तगतात आणि वजन धरतात, तो पैदाशीला ठेवायचा आणि बाकीचे खच्ची करायचे. कुठलाही बोकड एका वाडीत दोन पावसाळ्यांपेक्षा जास्त राहू द्यायचा नाही, नाहीतर तो आपल्याच लेकींना फळवतो आणि रक्तात दडलेले दोष वर येतात. अशा निवडीतून, पिढ्यांमागून पिढ्या, तांबडा तयार झाला होता. त्याचे मुलगे आता डोंगरातल्या जवळजवळ सगळ्या वाड्यांत होते.

"गुरुवारी समिती बसते आहे," मुरारीकाका म्हणाले. ते समितीचे अध्यक्ष आणि अण्णांचे शाळेपासूनचे मित्र. "तांबडा आणि त्याचे सगळे मुलगे काढून टाकायचे, असं ठरेल. दोष रक्तातच असेल तर दुसरा इलाज नाही. आणि श्रुतिका, तुझ्या कानावर येईलच, म्हणून मीच सांगतो. डॉक्टरांना हे माहीत होतं आणि त्यांनी दडवलं, असं काही जण म्हणतात."

अण्णा भाद्रपदात गेले, गौरी-गणपती झाल्यावर. तेव्हापासून लोक माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. मुरारीकाका नेहमीच्या आवाजात बोलले, त्याचं मला बरंच वाटलं.

त्यांनी मला बोलावलं होतं ते खरं तर दुसऱ्या कामासाठी. अण्णांच्या पिशवीतली हत्यारं संस्थेची होती आणि नव्या डॉक्टरांना ती हवी होती. पिशवी मी घरून तशीच उचलून आणली होती. ती इतके महिने उघडली नव्हती. तिथेच, त्यांच्या समोर उघडली. तापमापक निघाला, कानात बिल्ले मारायची पक्कड, टांगायचा वजनकाटा, छाती मोजायची फीत. काकांनी एकेक वस्तू पाहून घेतली.

"चिमटा कुठे आहे? खच्ची करायचा?"

तो नव्हता. हातभर लांबीचं ते जड लोखंडी हत्यार कुठे पडून राहण्यासारखं नव्हतं. "मिळाला की दे," ते म्हणाले आणि पोतं गुंडाळू लागले.

तेव्हा माझं लक्ष करडाच्या गळ्याकडे गेलं. गळ्याखाली केसाळ कातडीची दोन बोंडं लोंबत होती. काही शेळ्यांना असतात तशी. लहानपणी मी त्यांना धरून ओढायची आणि अण्णा सांगायचे, ओढू नकोस, ती त्याच्या आईबापाची खूण आहे. ही बोंडं आपोआप उगवत नाहीत. आईला तरी असतात, नाहीतर बापाला तरी असतात.

काकांच्या मागे भिंतीवर तांबड्याचा फोटो होता, अण्णा त्याची शिंगं धरून उभे असलेला. त्याचा गळा साफ होता.

"याच्या आईला बोंडं आहेत का, काका?"

त्यांनी फोनवर विचारलं. नव्हती.

२

फोनवर होती गौतमी. अण्णा गेल्यावर वाड्यांची कामं तीच बघत होती. पोलादपूरची, तिशीच्या आतली, पावसापाण्यात स्कूटरवर फिरणारी. माझं म्हणणं ऐकून ती म्हणाली, की तिचा पहिल्यापासून राजूवर संशय आहे. तांबडा करंजकोंडात नाथूकडे असतो. राजू नाथूचा पुतण्या. एमआयडीसीत पाळीवर कामाला आहे आणि बिरवाडीत खोली घेऊन राहतो. दिवाळीला त्याने टेम्पोतून एक मोठा, लांब कानांचा बोकड वाडीवर नेला होता. दोन दिवसांत नाथूने तो परत पाठवला.

आम्ही दुसऱ्या दिवशी बिरवाडीला गेलो. राजू रात्रपाळी करून आला होता. चाळीच्या जिन्यात बसून चहात पाव बुडवून खात होता. गौतमीला पाहून तो हसला.

"या मॅडम. आता माणसांच्या बी कानात बिल्ला मारायला आलात काय?"

मी कोण हे कळल्यावर तो उठून उभा राहिला. चहा मागवला. अण्णांबद्दल दोन वाक्यं बोलला, ती बरी होती. मग बोकडाचा विषय निघाला आणि तो पुन्हा खाली बसला. बोकड आणला होता हे त्याने नाकारलं नाही. मुंबईतल्या ओळखीच्या माणसाचा होता. डोंगरातल्या खुरट्या शेळ्या बघून राजूला कंटाळा आला होता; डॉक्टरांचं सगळं चांगलं, पण फार सावकाश, असं त्याचं म्हणणं. वाडीतली तरणी माणसं शहरात उतरली, ती काय दहा वर्षं बोकड निवडत बसणार?

"पण ती करडं माझ्या बोकडाची नायत," तो म्हणाला. "बोकड आणला दिवाळीला. करडं झाली मार्गशीर्षात. शेळी पाच महिने गाभण राहते, आता हे मी सांगायचं काय तुम्हांला?"

गौतमीने मान खाली घातली. ते खरं होतं. ही करडं आषाढात, भर पावसात पोटात राहिलेली होती. शिवाय पोत्यातल्या करडाचे कान आखूड आणि उभे होते, हे मला आठवलं.

आम्ही निघालो तेव्हा राजू जिन्यावरूनच म्हणाला, "ताई, मला धरायला आलात ते ठीक. पण नाथूकाकाला एक इचारा. डॉक्टर कधी कुणावर आवाज चढवायचे नायत. ज्येष्ठात आले तेव्हा वटीवर बसून काकावर ओरडले. मी परड्यात व्हतो. असं काय झालं व्हतं?"

३

करंजकोंडला जीप शेवटच्या वळणापर्यंत जाते. पुढे चढ. अण्णांना तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा पहिला झटका आला, तेव्हापासून त्यांनाही जीप तेवढीच आणायची आणि पुढे वाडीतली दोन माणसं त्यांना खुर्चीतून वर न्यायची. वर गेले की ते नाथूच्या वटीवर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर बसत. शेळ्या तिथे त्यांच्यासमोर आणत, वजनं तिथेच होत. त्याआधीचे अण्णा रानभर फिरायचे.

नाथू पन्नाशीचा, लांब हाडांचा, कमी बोलणारा माणूस. त्याने आम्हांला पाणी दिलं आणि शेळ्या सोडून आणल्या. मेलेल्या करडाची आई मी स्वतः पाहिली. दीड-दोन वर्षांची असेल, गळा साफ. तांबडा खुंट्याला बांधलेला होता. त्यालाही पाहिलं, मानेखाली हात घालून. काही नव्हतं. माझ्या हाताला त्याचा उग्र वास लागला, तो दिवसभर गेला नाही.

आखूड जबड्याचं आणखी एक करडू जिवंत होतं. नाथूची आई, गोदूबाई, त्याला मांडीवर घेऊन बाटलीच्या बुचाने दूध पाजत होती. त्याच्याही गळ्याला बोंडं होती.

मी नाथूला सरळ विचारलं, की पावसाळ्यात वाडीत दुसरा बोकड कुणाकडे होता का.

"वाघजाईची शपथ घेऊन सांगतो, ताई. आमच्यात तांबड्याबिगर कुणाकडं बोकड नाय. हाईत ते सगळे खच्ची."

तो माझ्याकडे बघून बोलला. खोटं बोलणारा माणूस असा बघत नाही असं म्हणतात. त्यात फारसं तथ्य नसतं, पण मला त्या वेळी त्याचं म्हणणं पटलं. शेजारच्या घरांतही गौतमीने पुन्हा विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच.

मग मी ज्येष्ठातल्या भांडणाचं विचारलं. नाथूने तांबड्याचा दोर सोडून परत बांधला.

"वजनावरनं बोलले. एका शेळीचं वजन मी चुकीचं सांगितलं व्हतं."

अण्णा वजन स्वतः बघत. दुसऱ्याच्या तोंडचं वजन त्यांनी कधी मानलं नाही. वजनच काय, कुठलंही काम. खच्ची केल्यावर चिमट्याखालची नस तुटली का, हे ते कातडीवरून बोट फिरवून बघायचे आणि मगच जनावर धरणाऱ्या माणसाला उठू द्यायचे. बोट लावल्याशिवाय 'झालं' म्हणू नये, हे मी घरात शेकडो वेळा ऐकलं होतं; भाताला, इस्त्रीला, माझ्या गणितांनाही ते लागू असे.

मी नाथूला पुढे काही विचारलं नाही. थकवा आला होता. इतके महिने मी अण्णांच्या नावाने सह्या करत फिरत होते, त्यांचं बँकेत, त्यांचं पेन्शनच्या कचेरीत. आता त्यांच्या बोकडाच्या नावाने फिरत होते.

गोदूबाईने करडू खाली ठेवलं आणि आम्हांला जेवायला बसवलं. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं. पहिली भाकरी तिने बाजूला काढून ठेवली होती. तिच्यावर खड्याच्या मिठाचा मोठा खडा ठेवला, फडक्यात बांधली आणि म्हणाली, "तुमी जेवा गो. मी वाघजाईला दिऊन येते."

"म्हातारी रोज जाते," नाथू म्हणाला. "ऐकत नाय."

ती काठी टेकत वाघजाईच्या देवराईच्या वाटेला लागली. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि हात तसाच राहिला. आमच्याकडे काय, कुणाकडेच, देवाच्या नैवेद्यावर मीठ वाढत नाहीत.

४

वाडीच्या खालच्या अंगाला एक पडका बांध आहे. तिथे मी गौतमीला बसवलं. रहस्यकथांमध्ये शेवटी सगळ्यांना एका खोलीत जमवतात. माझ्याकडे एक गौतमीच होती आणि तिला उन्हाचा त्रास होत होता.

मी तिला म्हटलं, आपल्याला माहीत काय आहे ते बघू. या करडांच्या बापाला बोंडं आहेत, म्हणजे तो तांबडा नाही. तो राजूचाही बोकड नाही, कारण तो दिवाळीला आला. जबड्याचा दोष रक्त रक्ताला भेटलं की वर येतो, असं अण्णांचं सगळं शास्त्र सांगतं. म्हणजे हा बोकड वाडीत एका पावसाळ्यापुरता आलेला नाही. त्याच्या लेकी मोठ्या होऊन त्याच्यापासूनच गाभण राहिल्या, इतका तो इथे राहिला आहे. बोंडं सगळ्याच लेकींना उतरत नाहीत. तांबड्यासारखे सगळे बोकड दोन पावसाळ्यांनी हलवले जातात. मग न हललेला बोकड कोणता? आणि रोज मीठ लावलेली भाकरी कोण खातं?

मीठ शेळ्यांना जिवापाड आवडतं, हे गौतमीला सांगावं लागलं नाही. तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"ताई," ती म्हणाली, "तो मी बघितलाय."

"कुठे?"

"राईत. दोनदा तरी. पण तो देवीचा आहे. नवसाचा सोडलेला." आणि मग, स्वतःचंच ऐकून घाबरल्यासारखी, "मी विचारताना कुणाकडे बोकड आहे असंच विचारायचे. तो कुणाकडे नाही. मला स्वतःलाच तो आठवला नाही. आमच्याकडेही पोलादपूरला असा एक होता, शेळ्या मोजताना आजोबा त्याला कधी मोजायचे नाहीत."

नाथूने खोटी शपथ घेतली नव्हती. वाडीत कुणीच खोटं बोललं नव्हतं. देवीला सोडलेला बोकड कुणाच्या मालकीचा नसतो. त्याला बांधत नाहीत, विकत नाहीत, त्याच्या कानात बिल्ला मारत नाहीत. तो दिवसभर चरायला आलेल्या शेळ्यांत मिसळतो आणि त्याला कुणी हाकलत नाही. नाथूच्या वटीवर शेळ्या यायच्या, तो येत नसे. आणि अण्णा वटीच्या खाली उतरू शकत नव्हते.

आम्ही राईत उतरलो. चपला बाहेर काढाव्या लागतात. वाघजाईचा तांदळा, म्हणजे देवीची अनघड शिळा, एका उघड्या चौथऱ्यावर आहे, वर पत्रा. पत्र्याचा एक लाकडी खांब मांडीइतक्या उंचीवर काळा आणि तेलकट झाला होता, कुणीतरी वर्षानुवर्षं अंग घासल्यासारखा. मला वास ओळखीचा वाटला. सकाळपासून तो माझ्या हाताला होता.

गोदूबाई पायरीवर बसली होती. तिच्या हातातून एक काळाभोर बोकड भाकरी खात होता. कपाळावर कुंकू, गळ्यात घंटा. घंटेच्या दोन बाजूंना दोन बोंडं.

आम्हांला बघून ती दचकली नाही.

"बघ रे," ती बोकडाला म्हणाली, "कोण आलंय तुला बघायला. डाक्टरांची पोर."

मी विचारलं, नवस कुणाचा होता.

"माजाच," ती म्हणाली. "तुज्या बापासाठी."

५

तीन वर्षांपूर्वी, अण्णा मुंबईला इस्पितळात होते तेव्हा, गोदूबाईने वाघजाईला बोकड बोलला होता. डॉक्टर परत वाडीवर येऊ दे. अण्णा पावसाळा संपायच्या आत खुर्चीत बसून वर आले आणि त्याच आठवड्यात तिने आपल्या शेळीचा सगळ्यात देखणा बोकड राईत सोडला.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अण्णांनाही नाही; नवस बोलून दाखवत नाहीत.

वाडीवर परत आल्यावर मी नाथूसमोर बसले. म्हटलं, ज्येष्ठात अण्णांना दोन-तीन तरण्या शेळ्यांच्या गळ्याला बोंडं दिसली असणार. त्यांच्या नजरेतून ते सुटलं नसतं. तुम्ही सगळे बोकड खच्ची असल्याचं सांगत होतात आणि ते ओरडले. मग तुम्ही त्यांना देवीच्या बोकडाचं सांगितलंत. त्यांच्या पिशवीत चिमटा नाही, नाथूभाऊ.

नाथू उठून आत गेला. भाताच्या कणगीमागून त्याने फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून आणलं. चिमट्याला तेल लावलेलं होतं. गंजाचा ठिपका नव्हता.

 तो जे बोलला ते तुटक होतं, आणि ते मी इथे जुळवून लिहिते आहे. अण्णांनी त्याला चिमटा दिला. बोकडाला मारायचं नाही, हलवायचं नाही, तो देवीचा तर देवीचाच राहू दे, फक्त पाऊस लागायच्या आत त्याला खच्ची कर, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी खाली उतरू शकत नाही, तू करून मला फोन कर. नाथू चिमटा घेऊन राईत गेला. बोकड हाताशी आला, पायात घुटमळत उभा राहिला. आणि नाथूच्याने झालं नाही.

"देवीच्या जनावराला येंग करायचं, अधू करायचं," तो म्हणाला. "तरी केलं असतं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून केलं असतं. पर तो डॉक्टरांच्याच जिवासाठी सोडलेला. त्याला हात लावला आन डॉक्टरांना काय झालं तर? ते मी कुणाला सांगणार व्हतो?"

"मग फोनवर काय सांगितलंत?"

"सांगितलं, झालं." त्याने चिमटा दोघांच्या मधे जमिनीवर ठेवला. "त्यांनी इचारलं, नस हाताला लागते का. मी म्हटलं, नाय लागत. ते खूश झाले. आन भादव्यात गेलेच."

गौतमी उठून शेळ्यांकडे गेली. मी तिथेच बसून राहिले. मला राग यायला हवा होता. अण्णांनी आयुष्यात एकदा बोट न लावता दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला होता, आणि त्यावरून आता त्यांनी दोष दडवला असं लोक म्हणत होते. पण राग यायला थोडी ताकद लागते. शिवाय ज्याच्यावर रागवायचं, तो माणूस माझ्यासमोर माझ्यापेक्षा जास्त पोळलेला बसला होता. खरंच करायला गेला असता तर अण्णा त्याच्या हातून मेले असते, असं त्याला वाटत होतं. न केल्यामुळे करडं मेली. दोन्हीकडून तोच सापडला होता.

"गुरुवारी मला हे सांगावं लागेल," मी म्हटलं.

"सांगा. माजं नाव घाला. तांबड्याला उगाच नका मारू देऊ."

६

समितीने माझं ऐकून घेतलं. मी बोंडांपासून सुरुवात केली, दिवाळी आणि आषाढ सांगितला, राई सांगितली. नाथूचं नाव मी घेतलं, कारण त्याने तसं सांगितलं होतं. नवस कुणासाठी होता ते सांगायची गरज पडली नाही. मुरारीकाकांनी केसांचे नमुने तपासायला पाठवायचं ठरवलं आणि तोवर तांबड्याच्या कुठल्याही मुलाला हात लावायचा नाही, असं लिहून घेतलं. त्या दोघा-तिघांनी, ज्यांना अण्णांबद्दल शंका होती, चहा घेतला. एकाने मला नमस्कार केला. तेवढंच.

देवीचा बोकड मात्र राहिला. पुढच्या पावसाआधी त्याचं काहीतरी करायला हवं होतं, आणि ते समितीच्या हातात नव्हतं.

रविवारी आम्ही राईत जमलो. गोदूबाई, नाथू, राजू सुट्टी काढून आलेला, गौतमी आणि मी. गोदूबाईचं म्हणणं, देवीला विचारल्याशिवाय तिच्या जनावराला चिमटा लावता येणार नाही. तिने तांदळा पाण्याने ओला केला आणि दोन बाजूंना जास्वंदीची दोन फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर होकार. डावं पडलं तर नकार. मग तिने विचारलं, अगदी शेजारणीला विचारावं तसं, आणि आम्ही बसून राहिलो.

फुलं पडेनात. ऊन पत्र्यावरून सरकून पायरीवर आलं. राजूने दोनदा फोन बघितला, तिसऱ्यांदा गोदूबाईने त्याच्या हातावर मारलं. नाथू चिमटा मांडीवर घेऊन खाली बघत होता. त्याला कुठलं फूल पडायला हवं होतं, हे मला सांगता येणार नाही.

शेवटी गोदूबाई पुन्हा बोलू लागली, देवीशी नाही, माझ्याशी.

"मी एवडं कुठं मागितलं व्हतं गो," ती म्हणाली. "मी मागितलं, त्या सालचा पाऊस बघू दे त्याला. एकच. तिनं चार दिले. आता तिचं आमच्यावर काय ऱ्हायलं आन आमचं तिच्यावर काय?"

 मला आठवलं, त्या चार पावसाळ्यांतल्या दोनांत मी अण्णांशी शेळ्यांशिवाय दुसरं काहीतरी बोला म्हणून भांडत होते.

तेवढ्यात घंटा वाजली. बोकड झाडीतून आला, आमच्यातून वाट काढत चौथऱ्यावर चढला, पुढचे पाय तांदळ्याशेजारी टेकले आणि उजवीकडचं जास्वंदीचं फूल जिभेने ओढून खाल्लं. सावकाश चावलं. डाव्याला त्याने तोंड लावलं नाही.

 मग राजू हळूच म्हणाला, "आजे, हे धरायचं काय?"

"गेलं की न्हवं उजवं," गोदूबाई म्हणाली. "तिनं पाडलं काय, त्यानं खाल्लं काय. त्याचाच परश्न व्हता."

राजूने मागचे पाय धरले. नाथूने मला सांगितलं, शिंगं तुम्ही धरा, तुमच्या बापासाठी होता तो. मी गुडघ्यावर बसून त्याचं डोकं छातीशी घेतलं. त्याची दोन बोंडं माझ्या मनगटाला लागत होती, कोमट. तो ओरडला नाही. एकदा सगळं अंग ताठ झालं, चिमट्याचा आवाज झाला, मग दुसऱ्या बाजूचा, आणि त्याने माझ्या मानेवर जोरात श्वास सोडला.

नाथूने चिमटा खाली ठेवला.  तो माझ्याकडे बघत राहिला. तोंड उघडलं, पण तो शब्द त्याच्याने उच्चारवेना.

मी शिंगं गौतमीकडे दिली आणि मागे गेले. अण्णांनी ते करताना मी लहानपणी पाहिलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं. दोन बोटांत कातडी धरून मी वरपासून खालपर्यंत हात फिरवला. एका बाजूला नस मधेच तुटून संपत होती. दुसऱ्या बाजूलाही. पुन्हा एकदा बघितलं.

"झालं," मी म्हणाले.

राजूने पाय सोडले. बोकड उठला, अंग झाडलं, आणि जरा लंगडत जाऊन आपल्या खांबाला घासत उभा राहिला.